पिकल्या पेरूचा वास

“तुझ्या बाच्या तोंडाला पिकल्या पेरूचा वास येतोय गं,” आई म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी वडील गेले. त्याला वीस वर्षं उलटली. पण त्या सकाळी नवऱ्याच्या तोंडाला तोच वास आला आणि सत्यभामेच्या हातातली परात खाली आली.

तिनं हौसेरावाला तसंच कोपरखैरण्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पोती वाहून झिजलेल्या गुडघ्यांसाठी वजन उतरवा, भात, भाकरी, साखर बंद, असं दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं.

“तुमच्या वडलांना साखरेचा आजार असणार,” बाई म्हणाल्या. “यांचं तसं नाही. भात-भाकरी तोडली की अंगातली चरबी जळते, तिचा हा वास. पथ्य पाळताय ना?”

“शितालासुदिक शिवत न्हाईत,” सत्यभामाच म्हणाली. हौसेराव वजनकाट्याकडं बघत राहिला. अकरा किलो उतरलं होतं.

“मग भ्यायचं कारण नाही. दाढेत लवंग धरा. पाणी भरपूर प्या.”

लवंग झाली, वेलदोडा झाला, कडुलिंबाची काडी झाली. पाणी तर तो तांब्यामागून तांब्या रिचवायचा आणि मोरीच्या खेपा घालायचा. त्याच्यासमोर आपण भात कसा खायचा, म्हणून सत्यभामेनंही पथ्याच्या पहिल्या दिवसापासून सोडला होता. पहाटे उठून ती अंडी, मटण, मेथी असा डबा बांधायची. तुर्भ्याच्या मार्केटात हौसेराव मुकादम. त्याची बारा माथाड्यांची टोळी दुपारी एका फडक्याभोवती जेवायला बसायची. डबा रोज लख्ख रिकामा यायचा. ती मनातून सुखावायची.

रविवारी टोळीतला गंगाराम घरी आला.

“वैनी, मुकादमाशेजारी पोतं उचलायचं म्हंजी नाक बांधून. पर तुमची अंडी लई झ्याक.”

“तुमास्नी कुनी दिली वो?”

गंगारामनं हळूच हौसेरावाकडं पाहिलं. “वासावरनं वळखली.”

तिघंही हसली. हौसेराव जरा उशिरा हसला.

गुरुवारी त्याला कॉटवरून उठवेना. श्वास खोल चालला होता, घाईघाईनं, मैलभर पळून आल्यासारखा. साऱ्या खोलीत पेरू पिकलेला. पथ्यानं माणूस पार गळाला, सत्यभामेला वाटलं. जळो ते पथ्य. तिनं आंबेमोहोर शिजवला, वर तूप सोडलं आणि ऊन घास त्याच्या ओठांशी नेला.

“खावा. दोन म्हयनं झालं, दोघांनी भाताचं त्वांड बघितलं न्हाई. डॉक्टरीणबाईला मी काय सांगत न्हाई.”

त्यानं मान फिरवली. डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं.

“भामे, सोडलास त्यो तू एकलीनंच,” तो म्हणाला. “टोळीतल्या मानसानं भाकरी म्होरं केली, तर मुकादमानं न्हाई कसं म्हनायचं? म्या एक दिस बी भात-भाकरी सोडली न्हाई.”