बोनानातची मागणी

आमच्या बार्सिलोनात राजाच्या कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल नोंदवहीत उतरवतात. एकच पत्र अनेकांना जायचं असेल, तर मजकूर एकदाच लिहून खाली बाकीची नावं टाकायची. कारकून बोनानातच्या हाडीमाशी ही पद्धत इतकी खिळली होती, की झोपेत बोटं हलली तरी चादरीवर यादी उमटायची.

केशराच्या व्यापाऱ्याची मुलगी साउरीना त्याच्यावर जीव टाकून बसली होती. अखेर त्याचं मागणीचं पत्र आलं. बापाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. चंद्र झाला, तारे झाले, 'तुझ्यावाचून मरेन' झालं, आणि बापाचा आवाज चढला.

"खाली काय खरडलंय बघा मेल्याने. 'याच मजकुराची पत्रे: पाववाल्याची ब्लांका, विधवा रोमिया, न्हाव्याची आग्नेस.' असल्या लफंग्याला मी पोरगी देणार नाही."

साउरीना रडायला लागली. आईने बदाम सोलता सोलता नवऱ्याकडे पाहिलं.



"द्या हो पोरगी. निदान हा नोंद तरी ठेवतो. तुम्ही तेवढंही केलं नव्हतं."