निर्यातीचा शेवट

पडद्यावर बर्फ जमिनीवरून आकाशात पडत होता.

नेपरव्हिलच्या मराठी मंडळाचे शे-दीडशे सभासद ते शांतपणे बघत होते. धूर चिमणीतून बाहेर येण्याऐवजी आत शिरत होता. मूकपटाची नायिका, तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ घराकडे करून, गॅरेजमध्ये गाडी रिव्हर्स घालावी तशी मागे मागे सरकत पायऱ्या चढली आणि घरात गेली. दार लागलं. कुणीतरी वर संतूरचं संगीतही घातलं होतं. टाळ्या पडल्या.

"आजोबा, व्हाय इज शी वॉकिंग बॅकवर्ड्स?" आन्यानं विचारलं. सबंध हॉलमध्ये हा प्रश्न पडलेली ती एकटीच, आणि ती दुसरीत होती.

पुरुषोत्तम काका नातीला उत्तर द्यायला थांबले नाहीत. ते लॅपटॉपच्या टेबलाकडे निघाले होते. सिनेमा त्यांनी निवडला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या एका रशियन दिग्दर्शकाचा. त्याच्या सिनेमांवर काकांनी सांगलीच्या फिल्म सोसायटीत उमेदीची वर्षं घालवली होती. या सिनेमात शेवटी ती बाई भल्यामोठ्या घराचं दार उघडते, बर्फात उतरते, सरळ कॅमेऱ्याच्या अंगावर चालत येते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. खरं सांगायचं तर हे दृश्य काकांना शे-दीडशे लोकांना दाखवायचंच नव्हतं. एकालाच दाखवायचं होतं, आणि तो लॅपटॉपपाशी बसला होता.

शंतनू. त्यांचा मुलगा. गणपतीपासून काका त्याला आपलं सांगलीला परत जायचं तिकीट काढायला सांगत होते आणि गणपतीपासून तो म्हणत होता, "समरमध्ये बघू ना बाबा. आणि लोक काय म्हणतील? बाप सांभाळता आला नाही?"

"हे कुणी केलं?" काकांनी विचारलं.

"चिल, बाबा. लास्टचं एक मिनिट फक्त रिव्हर्स केलंय. कमिटीला एंडिंग डिप्रेसिंग वाटलं. संक्रांत आहे यार."

"ती घर सोडते, शंतनू! त्या माणसानं अख्खा सिनेमा त्या एका दारासाठी काढला."

"आता ती परत येते. फॅमिली ऑडियन्स आहे."

"अरे, धूर चिमणीत शिरतोय!"

"कोणाच्या लक्षात तरी आलं का?"

हे खरं होतं. काकांना तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

"आणि तुम्हीच तर सुरुवातीला माइकवर सांगितलंत," शंतनू म्हणाला. "त्या काळात तिकडे दोन-दोन शेवट शूट करायचे. घरच्यांसाठी रडका, परदेशी पाठवायला गोड. राइट? मग आपण परदेशातच आहोत ना!"

काकांनी तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात मंडळाच्या अध्यक्ष लतिका पाटणकर यांनी तिळाची वडी घातली.

"तिळगूळ घ्या काका, गोड गोड बोला! काय सुंदर सिनेमा दाखवलात! शेवटी घरी आली हो बिचारी. मला तर भरूनच आलं."

तोंडात तिळगूळ असताना शिवी देता येत नाही. हा नियम इलिनॉयमध्येही लागू आहे. त्यातून वडी कडक होती आणि काकांची कवळी नवी. ती चघळून संपेपर्यंत लतिकाताई पुढच्या टेबलाकडे गेल्या होत्या. राग मात्र जागेवरच होता. गुळात मुरून तो जरा घट्टच झाला होता.

"आणि घरच्यांसाठी?" काकांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"म्हणजे?"

"परदेशासाठी हा शेवट झाला. घरच्यांसाठी कुठला ठेवलायस?"

शंतनू वायर गुंडाळायला लागला. "बाबा, प्लीज. इथे नको. घरी जाऊन बोलू."

"कुठल्या घरी?"

शंतनूनं वायर उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. काकांनी खुर्चीवरचा कोट उचलला, कानटोपी चढवली आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

बाहेर बर्फ पडत होता. वरून खाली.

प्लेटा-पातेली आवरून शंतनू त्या दाराशी आला, तेव्हा आन्या काचेला नाक लावून खिदळत होती.

"आजोबा कुठायत?"

तिनं बोट दाखवलं. कार्यक्रमभर पडलेल्या ताज्या बर्फानं पार्किंग लॉट कोऱ्या कागदासारखा झाला होता. त्यावर बुटांच्या ठशांची एकच रांग होती. सगळ्या ठशांचे चवडे हॉलकडे. कुणीतरी गाडीपासून नीट चालत दारापर्यंत आलं होतं. बाहेर गेलेलं पाऊल एकही नव्हतं.

आणि रांगेच्या पलीकडच्या टोकाला, शंतनूच्या गाडीला टेकून, तोंड हॉलकडे करून काका उभे होते. कानटोपी पांढरी झाली होती. धाप लागली होती. अख्खा लॉट ते उलटे चालत गेले होते.

"बाबा! पडला असतात म्हणजे?"

"तिकीट काढ!" काका तिथूनच ओरडले. "आणि लोकांनी विचारलं ना, तर हे ठसे दाखव. म्हणावं, बाबा आत आले."