जेवल्या का पेशी?

मुलगी प्रयोगशाळेतून घरी आली की बाबांचा प्रश्न ठरलेला, "जेवल्या का तुझ्या पेशी?"

"जेवल्या. खादाड कुठल्या! वाढताहेत नुसत्या."

कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या त्या पेशी ती चार वर्षं प्लॅस्टिकच्या बशीत जगवत होती. एक प्रथिन त्यांना सारखं 'वाढा, वाढा' असा निरोप द्यायचं. त्याचं तोंड बंद करणारं औषध तिला हवं होतं.

आज तिने चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाली, "बाबा, औषध लागू पडलं. एकही पेशी उरली नाही."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला, मग बंदच केला.

"चार वर्षं उशिरा का होईना," ते म्हणाले, "बरी झाली म्हणायची तुझी आई."