वाकळीवरच्या सात चांदण्या

नवरा निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात गेला म्हणून निजामाचा जमादार दोन शिपाई घेऊन आला आणि शांताक्काची बाज उचलून घेऊन गेला. घरात दुसरं नेण्यासारखं काही नव्हतंच.

सहा महिन्यांत सास्तूरच्या आसपास तिच्या वाकळांचं नाव झालं. जुन्या काळ्या लुगड्यांची वाकळ, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं सप्तर्षीच्या सात चांदण्या. मग तेच तिघं पुन्हा दारात उभे राहिले.

"साहेबाला तुझी वाकळ पायजे. काढ."

तिनं काढून दिली.

"हे काम कुणी शिकवलं तुला?"

"तुमीच. बाज न्हेली, अंगणात भुईवर निजायला लागले. समोर निस्तं आभाळ."

"जुबान लई चालतीय." जमादारानं चार चांदण्यांवर बोट ठेवलं. "ह्या काय?"

"म्हातारीच्या बाजंचे चार पाय. शेंबडं पोरबी सांगंल."

"अन् मागच्या ह्या तीन?"

"बाज वढून न्हेणारे चोर."

जमादारानं मागं उभ्या दोघा शिपायांकडं पाहिलं. मग वाकळ फाडायला हात घातला.

"फाडा की," शांताक्का म्हणाली. "पाच गावं हीच पांघरून निजत्यात."