दुपारचं शून्य

कुलपात किल्ली फिरली, तेवढाच आवाज. आत सगळं चिडीचूप. पंखा थांबलेला, फ्रिज मुका. सापडल्या आज सासूबाई, ती मनात म्हणाली.

इमारतींच्या विजेचं ऑडिट करणं हे तिचं काम. ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवायला तिनं घरच्याच मीटरचा आलेख घेतला होता. बेस लोड म्हणजे काय, तर कुणी बटणाला हात लावला नाही तरी फ्रिज, वायफाय गुपचूप खातात तेवढी वीज. ही रेषा शून्यावर कधी येत नाही, असं ती ठासून सांगणार होती. आणि तिच्याच घरची रेषा तीन आठवड्यांत अकरा वेळा शून्यावर. तेही भरदुपारी, सासूबाई आणि चार वर्षांचा लेक घरात असताना. "मॅडम, मीटर फिरवता की काय?" म्हणून साहेब हसलेसुद्धा.

घरी विचारलं, तर सासूबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या होत्या, मीच मेन स्विच पाडते गं, आम्हा जुन्या माणसांना विजेची धास्ती. त्यानंतरही रेषा शून्यावर येतच राहिली, तेव्हा तिचं डोकं फिरलं. आज सकाळी तिनं सुनावलंच. पुन्हा मेन बंद दिसला तर एक तारखेपासून पोरगा पाळणाघरात. सासूबाई नातवाच्या शर्टाची बटणं लावत राहिल्या.

मीटर दर पंधरा मिनिटांनी मोबाइलवर एक चौकट भरतो. ती मीटिंगमधून बाहेर आली तेव्हा शून्याच्या चार चौकटी भरल्या होत्या. ती तडक घरी निघाली.

चप्पल न काढताच ती आत गेली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय लांब केलेले, पाठीशी उशी, डोळे अर्धे उघडे. लेक शेजारी मांडी घालून बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आजी बंद आहे."

ती गुडघ्यांवर बसली, अहो आई, अहो आई करत खांदा हलवत राहिली. मान एका अंगाला कलंडली. नाडी लागत होती, पण बारीक. तिनं अॅम्ब्युलन्सला स्वतःच्याच घराचा पत्ता सांगितला.

लेकाला मात्र सगळं पाठ होतं. आजीला अंधारी यायला लागली की ती आधी गॅस बंद करते, मग बाल्कनीचं दार लावते, मग मेन पाडते. म्हणजे त्यानं कुठं बोट घातलं तरी त्याला काही होत नाही. मग आजी बसते आणि बंद होते. आईला सांगायचं नाही. सांगितलं तर आजीला दवाखान्यात नेतील आणि त्याला पाळणाघरात.

तिच्या डोळ्यांपुढे आलेख उभा राहिला. पहिल्या आठवड्यात शून्याची एकेक चौकट. दुसऱ्या आठवड्यात दोन-दोन. परवा तीन. तो वाढता क्रम तिच्या नजरेतून सुटला नव्हता. तिनं त्याच्याखाली लाल रेघही मारली होती. बाजूला लिहिलं होतं : वाईट सवय, समज द्यावी.

सासूबाईंचं कपाळ घामानं भिजलं होतं. थोडी हवा लागावी म्हणून ती धडपडत उठली आणि तिनं मेन वर केला. पंखा गरगरला. फ्रिज गुरगुरला. वायफायचा हिरवा ठिपका लुकलुकला.

लेकानं पंख्याकडे पाहिलं. मग वाकून आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थोडा वेळ वाट बघितली.

"आई, रोज आधी आजी चालू होते, मग पंखा. आज उलटं का झालं?"