बुजवलेलं दार

सोसायटीच्या मागच्या भिंतीतलं छोटं दार, ज्यातून पलीकडच्या वस्तीतल्या कामाच्या बायका ये-जा करायच्या, ते बुजवलं, त्या संध्याकाळी सासूबाईंना सांभाळणारी ताई म्हणाली, "उद्यापासून माझं जमायचं नाही, वहिनी. एवढा वळसा घालून घरी जायचं, तर दुपारी बाळाला पाजणार कधी?"

सासूबाई तिच्याशिवाय कुणाच्या हातून घोटभर पाणीही घेत नाहीत. मी मनातल्या मनात हात जोडले आणि दुसऱ्या दिवशीचा उपास बोलले.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर झाली. दुपारी बाळाला पाजून परतही आली.

"कुठून आलीस गं?"

"कुठून म्हणजे? दारातून. आजचा उपास फारच कडक दिसतोय तुमचा," ती हसली आणि सासूबाईंना भरवायला बसली.

मी मागे जाऊन पाहिलं. भिंत सलग होती. गिलावा अजून ओलसर होता, गवंड्याच्या थापीचे फटकारे त्यावर तसेच उमटलेले होते.

मी वळले, तोच भिंतीतून कडी वाजली. रोजच्या सवयीनं कुणी वाजवावी, तशी. मग बाळाचं रडणं ऐकू आलं, अगदी हाताच्या अंतरावर. घराच्या खिडकीतून मात्र ताईचं बोलणं येतच होतं.

नाम घेत मी गिलाव्यावर तळहात टेकवला. तो उबदार लागला.

"कोण आहे?"

"आम्ही सगळ्याच आहोत," पलीकडून एक अनोळखी बाई शांतपणे म्हणाली. "कडी तुमच्याच बाजूला आहे, वहिनी. काढा ना."

माझ्या तळहाताखाली, ओल्या सिमेंटमधून, गार लोखंड वर आलं.

मी कडी काढली.