थरथरीचं कारण

दुकानात खुर्च्या दोन, दोघा भावांच्या. धाकट्याच्या खुर्चीसाठी बाकावर तिघं ताटकळत होते, एकच वर्तमानपत्र तिघांत वाटून घेऊन वाचत होते. थोरल्याची खुर्ची रिकामी होती. तो ती सकाळपासून पुसत होता. इतकी स्वच्छ खुर्ची कुठल्याच न्हाव्याकडे नसेल.

"या मास्तर, इकडे बसा," त्यानं बाकावरच्या आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मास्तरांनी कागदातून डोकं काढून त्याच्या हाताकडे पाहिलं. हातातला दाढीचा ब्रश साबणाच्या वाटीवर आपणहून टकटक वाजत होता.

"राहू दे, मला घाई नाही," म्हणून मास्तर वाचून झालेलंच पान पुन्हा वाचायला लागले.

थोरल्यानं ब्रश खाली ठेवला. थरथर गोळ्यांची होती. डोकं ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या, जन्मभर घ्यायच्या. एकदा त्यानं परस्पर बंद करून पाहिल्या होत्या. हात थांबला आणि बाकीचं सगळं सुटलं. तेव्हापासून डोकं तेवढं जागेवर राहील, हाताचं सांगता येत नाही, अशी वाटणी ठरून गेली होती.

धाकटा पाणी बदलायला पडद्यामागे गेला, तसा थोरलाही मागोमाग गेला.

"लोक मला टाळतात रे. वर खांद्यावर हात ठेवून म्हणतात, सोड आता. काय सोडू?"

धाकटा वाटी विसळत राहिला. "दारू."

"मी? अरे, मी कधी थेंब तरी—"

"हळू बोल, दादा. मीच सांगितलंय तसं."

"तू?"

"मग काय सांगू, वेडावरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून? बेवड्याकडून लोक निदान केस तरी कापून घेतात. वेड्याच्या हातात वस्तरा आहे कळलं, तर माझीही खुर्ची तुझ्यासारखी चकाचक होईल."

रागवावं म्हटलं, तर धाकट्याच्या बोलण्यात चूक काढायला जागाच नव्हती.

दोघं बाहेर आले, तर मास्तर बाकावरून उठून थोरल्याच्या खुर्चीशी उभे. त्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे दुकानाला ऐकू जाईल इतपतच ठेवला.

"हे बघ, माझा मेव्हणा अगदी असाच. एकदम कोरडं राहिलं की हात लटपटणारच. मागे जा, एक घोट घे. मग दाढी तुझ्याकडूनच. तुझ्यासारखा हलका हात कोणाचाय?"

बाकावरच्या दोघांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. इतक्या मायेनं त्याच्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा गिऱ्हाइकाच्या कानामागचे केस फारच लक्षपूर्वक कापत होता.

थोरला पडद्यामागे गेला. फळीवर दाढीनंतर लावायच्या, दारूसारख्या वासाच्या लोशनची बाटली होती. त्यानं तळहातावर ओतलं. निम्मं फरशीवर सांडलं. उरलेलं ओठांना आणि मिशीला चोळलं. झोंबून डोळ्यांत पाणी आलं. तेही बरंच झालं. डोळे लाल दिसले.

तो जवळ येताच मास्तरांनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "शाब्बास!" म्हणत ते त्या स्वच्छ खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

थोरल्यानं फेस लावला. करंगळी मास्तरांच्या जबड्यावर रोवली आणि वस्तरा गळ्याला टेकवला. आरशात पातं थरथरत होतं, मघाशी ब्रश थरथरत होता तितकंच. शेजारी धाकट्याची कात्री थांबली.

"बघ," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "थांबला की नाही?"